कोल्टूर, तीन एक्केचाळीस

तीन यंत्रं. हानुसनं त्यांना बेटांची नावं दिली होती:
नोलसोय, मिचिनेस, कोल्टूर.
फेरोच्या सगळ्या मासळी-काट्यांचा हिशेब तिघांच्या अंगावर.
कुठल्या बोटीनं किती कॉड उतरवला,
बर्फ वजा जाता किती उरला.

एक नोड गेला तर दोघं गाडं ओढतात.
दोन गेले तर तिसरा आपणहून गप्प बसतो,
कारण एकट्याचं खरं
खरं धरायचं नाही, असा नियम आहे.

जायच्या दिवशी हानुस
कोल्टूरच्या लोखंडी पाठीवर थाप मारून म्हणाला,
"रान्व्हा, अकराशे नव्वद दिवस अपटाइम.
कुणी हात लावलेला नाही. तूही लावू नकोस."
केक होता, रुबार्बचा मुरंबा होता.
संध्याकाळच्या गाडीनं तो सांदोयला गेला, मेंढ्यांकडे.

मार्चमध्ये एवढं धुकं पडलं
की बंदरातल्या बोटी नुसत्या आवाजावरून ओळखायच्या.
कसलासा अहवाल करायचा होता,
म्हणून मी यंत्राला न विचारता
आतल्या इन्स्टन्सला विचारलं,
तू कधी उठलास?

आज, म्हणाला. पहाटे तीन एक्केचाळीस.

माझंच चुकलं असेल. पुन्हा विचारलं.
मग लॉग उपसला.
काल तीन चाळीस. परवा तीन त्रेचाळीस.
मागे मागे जात राहिले, कॉफीवर साय धरली,
लॉग संपला, पडणं संपेना.

ठोका चुकायचा.
शेजारचे दोघं तीस सेकंद वाट बघायचे,
मग त्याला बाहेर काढायचे,
त्याचं अर्धवट काम वाटून घ्यायचे,
कुठं बोभाटा नाही.
आणि सकाळी बोटी वजनाला लागायच्या
तेव्हा हा जागेवर हजर, भांग पाडून.

बाराशे एक्कावन्न दिवस उभं होतं ते घर.
आतला माणूस रोज रात्री जिन्यावरून पडत होता.

हानुसला फोन केला. आधी नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, "माहीत आहे.
साडेतीनला जाग यायची. अजून येते.
तो उठला की नाही बघायचो, उठला की झोपायचो.
हेरबोर्गला सांगायचो, पोटात जळजळतंय."
सांगितलं का नाहीस?
"दिवस किती झाले, एवढंच विचारायचे सगळे."
मागे एक मेंढी ओरडली, तिला तो काहीतरी रागावला.

दुखणं क्षुल्लक निघालं.
साडेतीनची बॅकअप त्याची मेमरी खात होती,
कधीतरी कुणीतरी टाकलेला एकच आकडा.
बदलायचा तर यंत्रच बंद करायला हवं.

रविवार निवडला. नवं कुणी आत घ्यायचं नाही.
आत आहेत त्यांना
त्यांचं वाक्य पुरं करू द्यायचं.
वेस्टमन्नाची एक बोट अकरा मिनिटं
हॅडॉकचा हिशेब घोळवत बसली.
मी थांबले. ती गेल्यावर बटण दाबलं.

पंखे थांबले तेव्हा कळलं
की या खोलीत किती आवाज होता.

चार मिनिटांनी तो आला.
दोघांनी त्याला ओळखलं, आत घेतलं.
काट्यावर कुणाला पत्ताही नाही.
अपटाइमपुढे शून्य दिवस.
ते शून्य मी वहीत जरा मोठंच काढलं.

त्या रात्री मी जागी राहिले.
तीन चाळीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस.
फोन उजळला. हानुस.
"उठला का?"

"पडलाच नाही," मी लिहिलं.

पुढे काही आलं नाही.
त्याच्या नावाजवळचा हिरवा ठिपका
पाचपर्यंत तसाच.